अंडरलिव्हर एअर रायफल, आठ महिने वापरून: आधी दणके खाल्ले, मग जमलं

पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलला ब्राँझ मारलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. खऱ्या रायफलचं लायसन वगैरे आपल्याला झेपणार नाही म्हणून स्प्रिंगवाली एअर रायफल घेतली, पॉइंट १७७ बोअर (म्हणजे साडेचार मिलीमीटरची नळी) आणि ताकद २० ज्यूलच्या आत असली की लायसन लागत नाही, दुकानदारानं आधारची झेरॉक्स तेवढी ठेवून घेतली. मॉडेल सांगत नाही, कारण निम्म्या चुका माझ्याच निघाल्या. अंडरलिव्हर आहे, म्हणजे नळी मोडायची नसते, नळीखालचा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची.

मला वाटलेलं सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत लहानपणापासून फुगे फोडतोय, यात काय अवघड. पहिल्याच छऱ्याला असा दणका बसला की गाल शेकून निघाला. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला एवढा धक्का कशाला? तर धक्का छऱ्याचा नसतोच. आतला जड पिस्टन पुढं सुटतो तेव्हा बंदूक मागं येते, आणि तो टोकाला जाऊन थांबतो तेव्हा ती पुढं उडी मारते, आणि हे होतं छर्रा नळीत असतानाच. म्हणजे बंदूक हातात कशी हलली त्यावर छर्रा कुठं जाणार ते ठरतं. हे कळायला मला तीन महिने लागले.

तोवर मंगळवेढ्याला मामांच्या मळ्यात १५ मीटरवर कागद लावायचा आणि दहा छर्रे दहा दिशांना. आधी छऱ्यांवर संशय, वेगवेगळे तीन डबे आणले. मग बंदुकीबरोबर आलेला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, गेला, आतली फुली फिरून बेरजेचा गुणाकार झाला. साधा रायफल स्कोप मागच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो, हिच्या पुढच्या उडीनं तो खिळखिळा होतो, एअरगनसाठी म्हणून मिळतो तोच घ्या. नवा घेतला तर तो रेलवर मागं सरकायला लागला, कारण माउंटला, म्हणजे स्कोप धरणाऱ्या पकडीला, खाली एक पिन असते ती बंदुकीवरच्या भोकात बसवायची असते आणि मी ते भोक डिझाईन समजत होतो!

माझा एक दोस्त पॉवरलूमवर काम करतो, त्यानं दस्ता हातात धरून हलवला अन म्हणाला, "माग असला ढिला चालंल का बे?" तिन्ही स्क्रू अर्धा फेरा सैल. आवळून निळं लॉकटाईट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलं, आता दर शंभर छऱ्यांनी बघतो. मध्येच शहाणपणा करून शिलाई मशीनचं तेल आत सोडलेलं, तर फटाक्यासारखा आवाज आणि नळीतून धूर, डिझेल इंजिनसारखं दाबानं तेल पेटतं आत. सील आणि स्प्रिंगची वाट लागते, करू नका. छर्रा न भरता पण कधी मारू नका, पिस्टन नुसता आपटतो.

शेवटी पकड. मी धक्क्याच्या भीतीनं आवळून धरत होतो आणि तीच चूक. डावा तळवा उघडा, त्यावर बंदूक नुसती ठेवायची, बोटं मिटायची नाहीत, दस्ता खांद्याला जेमतेम टेकलेला. तळहाताची जागा रोज तीच हवी म्हणून तिथं टेप लावली. हाताखाली घडी घातलेली चादर, टेबलाच्या कडेवर बंदूक टेकवली की छर्रा वरच जातो. मारल्यावर डोकं उचलायचं नाही. आता दहातले आठ रुपयाच्या नाण्याखाली झाकतात, गालाला पण काही होत नाही.

छर्रा भरताना मात्र लिव्हर एका हातानं धरूनच ठेवा, सेफ्टीवर भरवसा नको, खटका सुटला तर बोटाचं टोक जाईल.

मामांना अजून वाटतं हिनं रानडुक्कर पडंल. नाही पडणार, आणि पाखरांवर तर धरायचीच नाही, कायद्यात बसत नाही. बाकी त्यांचं एक बरोबर होतं, मी कागद कडब्याच्या गंजीला लावलेला तर ओरडले, "शिसं जनावराच्या पोटात घालतो काय रं?" तेव्हापासून मागं वाळूची पोती, आणि घरी आल्यावर हात साबणानं.

तक्रार म्हणाल तर चाळीस छऱ्यांनंतर दंड भरून येतो आणि स्प्रिंगचा टण्ण आवाज अजून येतो. ग्रीस लावायला उघडावी लागेल, पण आत स्प्रिंग दाबलेली असते, ती दाबून धरणारा नीट स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळाल्याशिवाय मी हात लावणार नाही, पावसाळ्यात बघू.