मुलांचा नंबर दर वर्षी वाढतोय: थेंब, खास काचा, रात्रीची लेन्स की मैदान?

दुसरी-तिसरीत चष्मा लागला आणि मग दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी नंबर अर्धा-पाऊणने, काहींचा तर पुरता एकने वाढतोय, असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. पूर्वी डॉक्टर म्हणायचे वय वाढतंय तसा नंबर वाढणारच, काचा बदला. आता तेच डॉक्टर तीन-चार पर्याय समोर ठेवतात, चष्म्याच्या दुकानातला मुलगा पाचवाच सांगतो, आणि आईबापांनी पाच मिनिटांत उभ्या उभ्या ठरवायचं अशी अपेक्षा असते. म्हणून सगळं शेजारीशेजारी ठेवून बघू. मी डॉक्टर नाही, पण घरात भाच्याचं हेच चालू असल्याने गेली काही वर्षं या विषयावरचं मिळेल ते वाचतेय, आणि माझं मत काय झालंय तेही सांगते.

आधी एक गोष्ट, कारण ती कळली नाही तर पुढचं सगळं खर्चिक फॅड वाटतं. मायनस नंबर वाढतो तेव्हा मुलाचा अख्खा डोळा मागच्या बाजूला लांबत असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो, जास्त मायनसवाल्यांचा २६ च्या पुढे जातो, आणि तेवढ्या ताणाने आतला पडदा पातळ होतो. पुढे चाळिशी-पन्नाशीनंतर पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याचा मधला भाग खराब होणं, या सगळ्याचा धोका त्यातून वाढतो. लेसर करून चष्मा जातो हे खरं, पण लेसर पुढच्या पारदर्शक पडद्याला आकार देतं, लांबलेला डोळा लांबच राहतो. त्यामुळे "मोठेपणी लेसर करू की" हे उत्तर चष्म्यापुरतं आहे, डोळ्यापुरतं नाही. बुलिमोर आणि ब्रेनन या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये मोठमोठ्या पाहण्या एकत्र करून हिशोब मांडला की शेवटचा नंबर एकने जरी कमी राहिला तरी मायोपियामुळे (म्हणजे या मायनस नंबरामुळे) पडद्याचा मधला भाग खराब व्हायचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. एका नंबरसाठी एवढा आटापिटा कशाला याचं उत्तर हे आहे.

आता थेंब. अ‍ॅट्रोपिन हे जुनंच औषध, पण इथे ते खूप पातळ करून रात्री झोपताना एक थेंब घालायचं. भारतात ०.०१ टक्केवाला सहज मिळतो आणि महिन्याची बाटली काही शे रुपयांत येते, म्हणून बहुतेक घरांत सुरुवात इथूनच होते. गंमत म्हणजे याच ताकदीबद्दल सगळ्यात जास्त वाद आहे. हाँगकाँगच्या लॅम्प अभ्यासात (२०१९) एका वर्षात औषध नसलेल्या मुलांचा नंबर सरासरी ०.८१ ने वाढला, ०.०१ टक्केवाल्यांचा ०.५९ ने, ०.०२५ वाल्यांचा ०.४६ ने आणि ०.०५ वाल्यांचा फक्त ०.२७ ने. म्हणजे ताकद वाढली तसा फायदा वाढला, आणि ०.०५ लाही मुलांना फार त्रास झाला नाही. अमेरिकेत मात्र २०२३ मध्ये ०.०१ चा दोन वर्षांचा अभ्यास आला आणि त्यात थेंब घेणारे न घेणारे यांच्यात फरकच दिसला नाही. आपल्याकडे भारतात झालेला आय-अ‍ॅटम अभ्यास (२०२१) म्हणतो ०.०१ ने वर्षाला ०.१६ वाढ, नुसत्या पाण्यासारख्या थेंबाने ०.३५.

इथे जरा थांबा, कारण जाहिरातीत हाच आकडा "५४ टक्के कमी" असा येतो. टक्केवारी खरीच आहे. पण ०.३५ वजा ०.१६ म्हणजे ०.१९, आणि चष्म्याचा नंबर बदलतो ०.२५ च्या पायरीने, म्हणजे वर्षाचा फायदा एका पायरीपेक्षाही कमी. भारतातल्या त्या मुलांचा नंबर मुळातच हाँगकाँगच्या मुलांपेक्षा हळू वाढत होता म्हणून टक्का मोठा दिसतो. शिवाय त्याच अभ्यासात डोळ्याची लांबी वाढण्यात ठळक फरक आला नाही, आणि आपल्याला तर लांबीच थांबवायची आहे. त्यामुळे कोणी टक्के सांगितले की विचारायचं, "टक्के राहू देत, वर्षाला किती नंबर आणि किती मिलिमीटर?"

थेंबाचा त्रास म्हणाल तर बाहुली थोडी मोठी होते, उन्हात डोळे दिपतात, जवळचं वाचायला काहींना जड जातं, ताकद जास्त असेल तर जास्त. घालायची पद्धत मात्र नीट हवी: खालची पापणी हलकेच ओढायची, एक थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात उतरून वाया जात नाही. बाटली उघडली की झाकणावर तारीख लिहा, महिन्याने उरलं तरी टाकून द्या. आणि मनाने बंद करू नका, सिंगापूरच्या जुन्या अभ्यासांत जास्त ताकदीचं औषध थांबवल्यावर नंबर परत झपाट्याने वाढलेला दिसलाय, लहान वयात थांबवलं तर हे जास्त होतं.

खास काचांचं गणित वेगळं आहे. चष्मा साधाच दिसतो. पण काच उजेडात तिरकी धरली की मध्ये साधारण ९ मिलिमीटरचा स्वच्छ गोल आणि त्याच्या भोवती शेकडो बारीक टिंबं दिसतात, प्रत्येक टिंब म्हणजे एक छोटी लेन्स. मधल्या गोलातून मूल नीट बघतं आणि बाजूचा उजेड पडद्याच्या थोडा पुढे पडतो, त्यामुळे डोळ्याला लांबायचा इशारा कमी मिळतो अशी त्यामागची कल्पना. हाँगकाँगमध्ये होया कंपनीच्या मायोस्मार्ट काचांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला (२०२०): साध्या काचांवर ०.८५ वाढ, यांच्यावर ०.४१. लांबीची वाढ ०.५५ मिलिमीटरच्या जागी ०.२१. चीनमध्ये वेन्झोऊला एसिलॉर कंपनीच्या स्टेलेस्ट काचांवर (२०२२) दोन वर्षांत १.४६ च्या जागी ०.६६, आणि ज्यांनी रोज १२ तास घातल्या त्यांचा फायदा आणखी जास्त. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) सप्टेंबर २०२५ मध्ये स्टेलेस्टला परवानगी दिली, मुलांचा नंबर रोखणारा चष्मा म्हणून तिथे मान्यता मिळालेला हा पहिलाच. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना आता हा पर्याय रीतसर मिळतो.

औषध नाही, जखम नाही, जंतुसंसर्ग नाही, मूल तसंही चष्मा घालणारच आहे. म्हणून परवडत असेल तर माझं पहिलं मत काचांनाच. पण परवडत असेल तरच, कारण साध्या काचांच्या कैकपट पैसे लागतात, आणि नंबर बदलला की परत. आणि फ्रेमकडे लक्ष द्यायला हवं, ते दुकानदार फारसं सांगत नाहीत. भाच्याचा चष्मा सारखा नाकावरून खाली घसरायचा आणि पोरगं काचेच्या वरून फळा बघायचं, तेव्हा मधला गोल बाहुलीसमोर नाही म्हणजे एवढी महाग काच असून नसल्यासारखी. नाकाच्या पॅडा बसवून घेतल्या, कानामागे पट्टा लावला, तेव्हा कुठे बसला. पहिले काही दिवस बाजूला धूसर वाटतं, जिन्यावर जपून.

रात्रीची लेन्स, म्हणजे ऑर्थो-के. कडक लेन्स रात्री घालून झोपायचं, ती पुढच्या पडद्याला चपटं करते, सकाळी काढली की दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. पोहणाऱ्या, कबड्डी-फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना हे स्वर्गासारखं वाटतं. हाँगकाँगच्या रोमिओ अभ्यासात (२०१२) लांबीची वाढ ४३ टक्के कमी झाली. साधारण मायनस चारपर्यंत चांगलं जमतं. धोका एकच पण गंभीर: बुबुळाला जंतुसंसर्ग. लेन्स किंवा तिची डबी नळाच्या पाण्याने धुतली तर पाण्यातला अकॅन्थअमिबा नावाचा सूक्ष्म जीव बुबुळावर बसू शकतो, आणि त्या जखमेने नजर कायमची जाऊ शकते. पाणी म्हणजे फिल्टरचंही नाही, फक्त लेन्सचं सोल्यूशन. जिथे रोज रात्री आणि सकाळी शेजारी बसून हात धुवून घेणारा मोठा माणूस नाही तिथे मी हे सुचवणार नाही, मूल कितीही हुशार असो. डोळा लाल झाला, दुखला की लेन्स बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

दिवसा घालायच्या, रोज फेकून द्यायच्या मऊ लेन्सही आहेत (मायसाइट, अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता, तीन वर्षांत नंबरवाढ ५९ टक्के कमी). धुवायची भानगड नाही म्हणून रात्रीच्या लेन्सपेक्षा मला बऱ्या वाटतात, पण रोज नवी जोडी म्हणजे खर्च चालूच.

लाल दिव्याची मशीन. घरी आणून दिवसातून दोनदा तीन-तीन मिनिटं डोळ्यात लाल उजेड. चीनमधले आकडे जबरदस्त आहेत, लांबीची वाढ ६९ टक्के कमी (२०२२). तरी माझं स्पष्ट नाही. २०२३ मध्ये १२ वर्षांच्या एका मुलीच्या पडद्याला हे वापरून इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, ह्यूस्टनच्या संशोधकांनी मशीनं तपासली तर उजेड सुरक्षित मर्यादेच्या वर किंवा मर्यादेला टेकलेला निघाला, आणि चीननेच २०२४ पासून या मशीनना सगळ्यात कडक नियमांच्या वर्गात टाकलंय. पडदा वाचवायसाठी सगळं चाललंय, त्याच पडद्यावर असा प्रयोग ऑनलाइन मागवून घरी करायचा नाही.

मैदान. याला पैसे लागत नाहीत म्हणून लोक याला उपाय समजत नाहीत, पण पुरावा भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझोऊच्या शाळांत (२०१५) रोज फक्त ४० मिनिटं जादा बाहेर नेलं तर तीन वर्षांत नव्याने चष्मा लागणारी मुलं ३९.५ टक्क्यांवरून ३०.४ वर आली. तैवानने २०१० पासून रोज १२० मिनिटं बाहेर हा शाळांचा कार्यक्रमच केला. खेळलंच पाहिजे असं नाही, उजेड महत्त्वाचा: वर्गात ३००-५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर दहा हजारांच्या वर सहज, आणि तैवानच्या २०१८ च्या अभ्यासात झाडाच्या सावलीतला हजार लक्सचा उजेडही उपयोगी पडलेला दिसला. म्हणजे मे महिन्यात भर उन्हात पाठवायची गरज नाही, वडाखाली, शाळेच्या व्हरांड्यात, बिल्डिंगच्या खाली चालेल. फक्त एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, बाहेर जाण्याचा फायदा चष्मा लागू न देण्यात जास्त, लागलेला नंबर थोपवण्यात कमी. त्यामुळे ज्यांच्या मोठ्या लेकाला चष्मा आहे आणि धाकटीला अजून नाही, त्यांनी धाकटीला आजपासून बाहेर काढा. शाळा सुटल्यावर थेट क्लासला बसवलं तर तिचा सगळा उजेडाचा वेळ ट्यूबलाइटखाली जातो. (लॅम्पच्याच मंडळींनी २०२३ मध्ये चष्मा न लागलेल्या मुलांना ०.०५ थेंब देऊन बघितले, दोन वर्षांत २८.४ टक्के मुलांना मायोपिया झाला आणि औषध नसलेल्यांत ५३ टक्क्यांना. हे डॉक्टरशी बोलूनच.)

आणखी एक जुना समज, नंबर मुद्दाम कमीचा दिला की वाढत नाही. मलेशियात २००२ मध्ये करून बघितलं, कमी नंबर दिलेल्या मुलांचा उलट जास्त वाढला. पूर्ण नंबरच घाला.

मग कोणी काय घ्यावं. मूल सहा-आठ वर्षांचं, वर्षाला पाऊण-एक वाढतोय, आईबाप दोघांना मोठा नंबर: इथे थांबून चालणार नाही, खास काचा किंवा डॉक्टर देतील ती ०.०२५-०.०५ ताकद, आणि तरी वाढलं तर दोन्ही एकत्र, ज्याला आता डॉक्टर स्वतःच हो म्हणतात. दहा-बाराचं, वाढ अर्ध्याच्या आसपास: काचा परवडल्या तर काचा, नाहीतर थेंब आणि मैदान, यात कमीपणा काही नाही. खेळाडू, चष्मा नकोच म्हणणारं, घरात शिस्त आहे: लेन्स. पंधरा-सोळाचं आणि गेल्या दोन तपासण्यांत नंबर तसाच: साध्या काचा, दुकानात कोणी कितीही आग्रह केला तरी. रोज रात्री थेंब विसरणाऱ्या घराला थेंब नकोत, चष्मा काढून ठेवणाऱ्या मुलाला महाग काच नको, एवढं मात्र स्वतःलाच विचारून ठरवायला लागतं, ते डॉक्टरला बाहेरून कळत नाही.

काहीही निवडलं तरी सुरू करायच्या आधी दोन तपासण्या मागून घ्या. एक, बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर, कारण मोबाईल-पुस्तकात डोळे आवळून बसलेल्या मुलाचा नंबर मशीनवर खोटाच जास्त येतो. दोन, डोळ्याच्या लांबीचं मोजमाप, दोन्ही डोळ्यांचं, मिलिमीटरमध्ये लिहून. मोठ्या नेत्र रुग्णालयांत हे मशीन असतं, स्पर्श होत नाही, क्षणभराचं काम. दर सहा महिन्यांनी त्याच जागी त्याच मशीनवर परत मोजा, आणि वर्षभरात लांबी पहिल्यासारखीच पळतेय असं दिसलं तर उपाय बदलायचं बोला. फाईल मुलाच्या नावाची वेगळी ठेवा, चष्मा बदलताना दुकानाचा जुना कागद फेकू नका.