अर्थशास्त्र चांगलं, फिनटेक ब्रोशरमध्ये

नागपूरच्या सक्करदऱ्यात आमचं किराणा दुकान आहे. २०२२ मध्ये माझा बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा सल्लागारच जास्त येऊन गेले. सीए कर, बँकेच्या परीक्षा दे, बीएड करून ठेव, कधीही कामात येते. मी मात्र शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाचं ब्रोशर घेऊन बसले होते. बी.ए. अर्थशास्त्र, सोबत फिनटेक. गुळगुळीत कागद, निळ्या उजेडात बसलेले पोट्टे, मागच्या भिंतीवर शेअर बाजाराचे हिरवे-लाल आकडे.

बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हे फिनटेक म्हणजे काय असते?"

पैशांच्या व्यवहारातलं तंत्रज्ञान, आणि त्याचा नमुना समोरच होता. मी काउंटरवरच्या साऊंडबॉक्सकडे, म्हणजे यूपीआयचे पैसे आले की बोलून सांगणाऱ्या डब्याकडे, बोट दाखवलं.

"मंग ते तर मले येते," बाबा म्हणाले, आणि साखर तोलायला वळले.

तीन वर्षं झाली, डिग्री हातात आहे. दर जून महिन्यात कोणाचा ना कोणाचा फोन येतो, "ताई, तो कोर्स कसा आहे?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही. तिथले चार जण मला मनापासून आवडतात आणि पुढचं वाचून त्यांची पंचाईत व्हायला नको.

आधी पैशांचं. फी वर्षाला दीड लाखाच्या घरात, बसचे वेगळे. बस मी पहिल्याच सत्रात सोडली. सक्करदऱ्याहून 'आपली बस' या शहर बसने बर्डी, म्हणजे सीताबर्डी, तिथून मेट्रो, शेवटच्या स्टेशनापासून पुढे शेअर ऑटो. जायला सव्वा तास, पण मेट्रोत बसून वाचता येतं. माझं अर्ध्याहून जास्त मायक्रो, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाचं आणि बाजाराचं अर्थशास्त्र, त्या एसीतच झालं.

आता शिकवण्याकडे येते. या कोर्सचे दोन तुकडे आहेत, आणि ते दोन वेगळ्या कॉलेजातून आणून शिवल्यासारखे वाटतात.

अर्थशास्त्राचा तुकडा चांगला आहे. खरंच चांगला. पहिल्या वर्षाच्या सरांनी अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफचा १९७० चा लेख शिकवला. जुन्या गाड्यांच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरसकट कमी भाव धरतो आणि चांगल्या गाडीवाला बाजारातूनच निघून जातो. अर्ध्या वर्गाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आमच्यात जुनी गाडी घेतली होती कोणी? मग सरांनी विचारलं, "कळमन्याच्या बाजारात संत्र्याची पेटी घेताना तुम्ही काय करता?" मागच्या बाकावरून एकदम तीन आवाज आले, "खालपर्यंत हात घालतो!" वरच्या थरात नारिंगी ठसठशीत फळ, खाली लिंबाएवढी. सर म्हणाले, "तो हात घालणं म्हणजेच माहितीची किंमत. सिबिल स्कोअर म्हणजे बँकेने घातलेला हात." माणूस कर्ज फेडेल की नाही याचा अंदाज देणारा ३०० ते ९०० च्या मधला तो आकडा मला तिथे कळला. पुढे फिनटेकच्या पेपरात त्यावर चाळीस स्लाइड झाल्या, त्यांनी त्यात भर काही घातली नाही.

विकासाच्या अर्थशास्त्राला एक मॅडम होत्या. त्यांनी एकदा विचारलं, कोणाच्या घरी भिशी आहे? सगळेच हात वर. आमच्या आईच्या भिशीत वीस बायका, महिन्याला दोन दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला चाळीस हजार. मॅडमनी फळ्यावर वीस महिने मांडले आणि पहिल्या चिठ्ठीवालीला कर्जदार लिहिलं, शेवटच्या चिठ्ठीवालीला ठेवीदार. व्याज कुठे आहे? शून्य. मग शेवटची बाई कशाला थांबते? तासभर भांडण चाललं. घरी येऊन आईला विचारलं तर ती म्हणाली, "घरात राहिले असते तर उरले असते का?" हे उत्तर दुसऱ्या दिवशी मॅडमनी जसंच्या तसं फळ्यावर लिहून घेतलं. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर भिशीत अध्यक्ष होईल.

मॅक्रोच्या, म्हणजे सगळ्या देशाच्या अर्थशास्त्राच्या, सरांचंही लिहायलाच हवं. अभ्यासक्रमात डिजिटल रुपयाला, म्हणजे कागदी नोटेऐवजी मोबाइलमध्ये राहणाऱ्या चलनाला, दोन तास होते. रिझर्व्ह बँकेने किरकोळ वापरासाठी त्याची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला सुरू केली, म्हणजे आम्ही पहिल्या वर्षाला असतानाच. विषय ताजा. पण नागपुरात बसून रुपया शिकताना बाबासाहेबांचा रुपयावरचा प्रबंध अभ्यासक्रमात नव्हता. १९२३ साली लंडनला छापलेला तो ग्रंथ सरांनी स्वतःहून वर्गात आणला. चलन किती काढायचं याला काही तरी बंधन पाहिजे, ते सरकारच्या मर्जीवर सोडलं की भाव वाढतात आणि त्याचा फटका गरिबाला बसतो, हे त्यातलं म्हणणं त्यांनी उलगडून दाखवलं. पुढे भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्षही दिली होती. त्यावर वर्गातल्या एकाने विचारलं, "सर, बिटकॉइनलाही २ कोटी १० लाख नाण्यांची मर्यादा आहे, मग ते चांगलं का?" सर हसले, दार लावलं आणि पुढचा तासही घेतला. मर्यादा असणं वेगळं आणि भाव स्थिर असणं वेगळं, हे त्या दोन तासांत जेवढं पटलं तेवढं नंतर कधी पटलं नाही.

हा झाला चांगला तुकडा.

फिनटेकच्या तुकड्याची सुरुवात लॅबपासून करते, कारण ब्रोशरची सुरुवात तिथूनच आहे. लॅब आहे, खोटं नाही. चाळीस कॉम्प्युटर, निळे दिवे, भिंतीवर मोठा टीव्ही. पण कुलूप असते. किल्ली एका काकाजींकडे. ते दीडला जेवायला जातात, अडीचला परततात आणि आमचं प्रॅक्टिकल दोन वाजता. पहिल्या सत्रात आम्ही पायऱ्यांवर बसून गाणी म्हणायचो. दुसऱ्या सत्रापासून माझी मैत्रीण त्यांच्यासाठी घरचे मुगाचे वडे आणू लागली, तेव्हापासून लॅब दोनला उघडू लागली. आत गेलं की इंटरनेटवर बंदी, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची कुठलीच लायब्ररी, म्हणजे तयार कोड, उतरत नाही. शेवटी सगळे आपापल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गूगल कोलॅब, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड चालवायची सोय, उघडून बसायचे. तेच काम मी दुकानात पोत्यावर बसूनही करू शकत होते, आणि पुढे केलंही.

बोलावलेल्या पाहुण्यांच्या व्याख्यानांचं ऐका. पहिल्याच सत्रात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, एक 'इंडस्ट्री एक्स्पर्ट' येऊन क्रिप्टो एक्स्चेंज, म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनांचा बाजार, कसं भविष्य आहे हे दीड तास सांगून गेले. ११ नोव्हेंबरला एफटीएक्स नावाचं असंच एक मोठं एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं. आम्हाला वाटलं आता यावर तरी कोणी बोलेल. पुढचं व्याख्यान 'व्यक्तिमत्त्व विकास' या विषयावर झालं.

आणि त्या स्लाइड. भीम-आधार म्हणजे अंगठ्याने दुकानात पैसे भरायची सोय, असं एका स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं. याचं उद्घाटन पंतप्रधानांनी आपल्याच नागपुरात केलं होतं, १४ एप्रिल २०१७ ला. मी तेव्हा सातवीत, त्या दिवशी टीव्हीवर पाहिलेलं आठवतं. पण आमच्या ओळीतल्या एकाही दुकानात अंगठ्याने बिल भरणारा गिऱ्हाईक मी पाहिला नाही. आधार आणि अंगठा चालला तो खेड्यातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे, रोकड काढायला. मी हे विचारलं तर शिकवणारे म्हणाले, "परीक्षेत स्लाइडप्रमाणे लिहा." लिहिलं. पैकीच्या पैकी मिळाले.

यूपीआयचा फुकटपणा हा तर या कोर्सचा आत्मा असायला हवा होता. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा नियम आहे. मग सर्व्हरचं वीजबिल कोण भरतं? सरकार बँकांना प्रोत्साहनाचे पैसे देतं, अ‍ॅपवाले कर्जं विकतात, डब्याचं भाडं घेतात. दोन बाजूंचा बाजार असला की एका बाजूला फुकट द्यायचं आणि दुसरीकडून काढायचं, फ्रेंच अर्थतज्ज्ञ ज्याँ तिरोलला अर्थशास्त्राचं २०१४ चं नोबेल मिळालं त्याच्या कामात हाही एक मोठा भाग. हे आम्हाला फिनटेकच्या पेपरात नाही, मायक्रोच्या सरांकडून कळलं. बाबांना सांगितलं तर त्यांनी साऊंडबॉक्सवर टिचकी मारली. "म्हणजे फुकट काहीच नाही. हा भाडेकरू आहे, आणि भाडं मीच देऊन राहिलो."

आता जर्मन लोकांकडे वळू. क्रेडिट स्कोअरिंगच्या प्रॅक्टिकलला आम्हाला एक माहितीसंच दिला : एक हजार कर्जदार, सातशे चांगले, तीनशे बुडवे. कोण पैसे बुडवेल ते मशीनला ओळखायला शिकवा. रकमा डॉइश मार्कमध्ये, म्हणजे जर्मनीच्या जुन्या चलनात! जे चलन मी शाळेत जायच्या आधीच गेलं, युरोच्या नोटा २००२ ला आल्या. त्यात एक रकाना होता, कर्जदाराच्या नावावर टेलिफोन आहे की नाही. सगळा वर्ग खाली मान घालून जुन्या जर्मनीतल्या माणसांची पत ठरवत होता, आणि खिडकीबाहेर ऑटोवाला क्यूआर पुसून राहिला होता. जगभर विद्यार्थी हाच संच वापरतात हे मला मान्य आहे, पहिल्या प्रॅक्टिकलला ठीकच आहे. आमच्याकडे ते शेवटचंही होतं.

म्हणून शेवटच्या सत्राच्या प्रकल्पाला मी बाबांची उधारीची वही घेतली. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना तेल लागलेली. नावं लपवायला हवीत असं संख्याशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, पण बाबांनी ती आधीच लपवली होती. 'पिवळा बंगला', 'स्कूटीवाल्या मॅडम', 'गुरुजी नवे', 'वहिनी दोन नंबर'. खात्याला क्रमांक दिले, अकरा महिन्यांच्या नोंदी रोज रात्री दुकान बंद झाल्यावर एक्सेलमध्ये भरल्या. रक्कम किती, किती दिवसांनी फेड, पगार महिन्याचा की रोजीचा, घर स्वतःचं की भाड्याचं. बाबांना विचारून आणखी एक रकाना टाकला : या माणसाचा घरी जायचा रस्ता आपल्या दुकानासमोरून आहे का?

गणित केल्यावर तोच रकाना सगळ्यांवर भारी पडला. पगार नाही, घर नाही. ज्याला रोज समोरून जावं लागते, तो फेडते. बाबांना दाखवलं तर त्यांना नवल काहीच वाटलं नाही. "हे तर मी उधारी द्यायच्या आधीच पाहतो."

हे वाक्य मी हसत हसत संख्याशास्त्राच्या मॅडमना सांगितलं, आणि त्यांनी माझा प्रकल्प तिथेच उघडा पाडला. "म्हणजे ज्यांना बाबांनी उधारी दिलीच नाही, ते तुझ्या एक्सेलमध्ये कुठे आहेत?" कुठेच नव्हते. वहीत फक्त बाबांच्या चाळणीतून उतरलेली माणसं. नाकारलेल्यांपैकी किती जणांनी फेडलं असतं, कोणाला माहीत? मोठमोठ्या कर्जाच्या अ‍ॅपचंही हेच दुखणं आहे, मॅडम म्हणाल्या, त्यांच्याकडेही फक्त स्वतः निवडलेल्यांचाच हिशेब असतो. दीड लाख फीचे पैसे मला त्या एका प्रश्नात वसूल झाले असं म्हटलं तर बाबा रागावतील, म्हणून अर्धे म्हणते.

त्याच सत्रात कर्जाच्या अ‍ॅपवर धडा होता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढले की अशा अ‍ॅपने मोबाइलमधल्या संपर्क यादीला आणि फोटोंना हात लावायचा नाही. धड्यात त्याचा उल्लेखच नव्हता, स्लाइड त्याच्या आधीची. वर्गातल्या एकीच्या भावाने असं कर्ज घेतलं होतं आणि वसुलीवाल्यांनी त्यांच्या मामाजींपर्यंत फोन लावले होते. ती मुलगी तो तास संपेपर्यंत वहीत रेघोट्या ओढत बसली होती.

प्लेसमेंट. ब्रोशरमध्ये शंभर टक्के. आमच्या वर्गात जे आलं त्यात शेअर ठेवायची डीमॅट खाती उघडून देणे, विम्याचे फोन करणे, आणि दुकानादुकानांत फिरून साऊंडबॉक्स बसवणे. शेवटच्या कामाला महिन्याला चौदा हजार आणि पेट्रोल. आमच्यातल्या एकाने ते घेतलं. एप्रिलमध्ये तो आमच्याच ओळीत आला, बाबांनी चहा पाजला आणि जुना डब्बा बदलून घेतला. मी एम.ए.ला प्रवेश घेतला आहे, यावेळी सरकारी विद्यापीठात.

कँटीनचे तर्री पोहे चांगले आहेत. तिथे यूपीआय चालत नाही, रेंज नसते, सुट्टे घेऊन जा.

तारे द्यायचे तर अर्थशास्त्राला साडेचार, फिनटेकला दीड. ज्याला गणिताची भीती नाही, घरात एखादी वही, भिशी किंवा गल्ला आहे आणि जो शिक्षकांच्या मागे लागून विचारू शकतो, त्याने घ्यावा. ब्रोशरमधली निळी लॅब पाहून कोणी जात असेल तर थांबा.

माझा आत्तेभाऊ यंदा बारावी कॉमर्स झाला, त्याला तिथेच जायचं आहे. त्याला म्हटलं, फी भरायच्या आधी एकदा बघून ये. शनिवारी नको, शनिवारी ते फुगे लावतात. मंगळवारी जा, दुपारी पावणेदोनला, आणि रिसेप्शनवर एवढंच विचार की लॅबची किल्ली आत्ता कोणाकडे आहे.