चित्रासाठी आयपॅड घेतला तरी कॉम्प्युटर विकू नका

आयपॅड घेतल्यापासून ओळखीपाळखीतले सगळे एकच विचारतायत, मी पण घेऊ का आणि मग कॉम्प्युटर काढून टाकू का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझं काम म्हणजे इलस्ट्रेशन, लग्नपत्रिका, गणपती मंडळांचे बॅनर, सीझनला दिवाळी अंकांची चित्रं. आयपॅड एअर आहे, ११ इंची, एम२ चिपवाला, सोबत पेन्सिल प्रो, म्हणजे त्यावर काढायचा अ‍ॅपलचा पेन. घरी विंडोजचा कॉम्प्युटर आणि त्याला वॅकॉमचा साधा पॅड, म्हणजे पेनाने काढायची बिनस्क्रीनची पाटी, आधीपासून आहे. मत आधीच सांगते, चित्र काढायला आयपॅडच. पण चित्र छापून यायचं असेल तर शेवटचा हात कॉम्प्युटरवरच फिरवावा लागतो.

साध्या पॅडवर हात खाली टेबलावर आणि डोळे समोर स्क्रीनवर, सवय होते त्याची, पण चेहरा काढताना, विशेषतः डोळ्याची वरची पापणी किंवा ओठाची कड, तिथे रेघ मनासारखी यायला दहादा अनडू करावं लागतं. आयपॅडवर रेघ टोकाखालीच उमटते. हात काचेवर बिनधास्त टेकवायचा, पेन्सिल आडवी धरली की शेडिंग, दाब वाढवला की रेघ जाड, दोन बोटं टेकवली की अनडू, तीन टेकवली की रिडू. चित्र काढायचं अ‍ॅप म्हणजे प्रोक्रिएट, ते एकदाच विकत घ्यायचं, दरमहा भाडं नाही, आणि चित्र कसं घडलं त्याचा व्हिडिओ ते आपोआप बनवून ठेवतं, क्लायंटला तो पाठवला की मेहनत दिसते त्यांना.

आणि खरी गंमत बाहेर बसून काढण्यात आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघितला नसेल तर बडोद्यात राहून काय केलंत! भिंतीभर जुनी चित्रं, कृष्णाच्या, महाभारतातल्या गोष्टी, दारांच्या फळ्यासुद्धा रंगवलेल्या. तिथे जमिनीवर मांडी घालून आयपॅड मांडीवर ठेवायचा आणि एकेका आकृतीचा हात, पदराची चुणी, दागिना बघून बघून उतरवायचा, रंग तिथल्या तिथे जुळवायचे, घरी येऊन आठवून नाही. वहीत पण होतं हे, पण त्या विटलेल्या लाल रंगाच्या चार छटा करून बघायला वहीत पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं, इथे लेयर, म्हणजे चित्राचा एकावर एक ठेवलेला थर, बदलला की झालं. फक्त उन्हाळ्यात कमाटीबागेत दुपारी उघड्यावर बसू नका, गरम झाला की स्क्रीन आपोआप मंद होते आणि रंग काय लावतोय तेच कळत नाही.

आता छपाई. इथल्या प्रेसमध्ये चित्र दाखवलं की छान छान म्हणतात आणि मग लगेच, "बेन, कोरलमां आपो ने," म्हणजे ताई, कोरलमध्ये द्या ना. पत्रिका, फ्लेक्स, स्टिकर, सगळं कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून घेतात आणि मराठी मजकूर बऱ्याच ठिकाणी अजून श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये. हे सगळं कॉम्प्युटरचं जग आहे. प्रोक्रिएटमध्ये अक्षरं टाकता येतात, पण पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची लेयरवाली फाइल, करून बाहेर काढली की ती चित्र होऊन जातात, नंतर बदलता येत नाहीत. आणि पत्रिकेत बदल कधी येतो, तर छापायला जायच्या आदल्या रात्री! आजोबांच्या नावाआधी कै. राहिलं, आत्याच्या यजमानांचं नाव वर घ्या, मुहूर्ताची वेळ बदलली. कॉम्प्युटरवर हे दोन मिनिटांचं काम. म्हणून मी चित्र आयपॅडवर करते, पीएसडी कॉम्प्युटरवर घेते, अक्षरं फक्त तिथेच.

रंगाचं पण तेच. नवीन कॅनव्हास घेताना सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) की आरजीबी (स्क्रीनचे रंग) ते आधीच ठरवा, प्रोक्रिएटमध्ये मधेच एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. आरजीबीत झळझळीत दिसणारा भगवा कागदावर मळकट नारिंगी होऊन येतो आणि मंडळाची पोरं नाराज होतात ते वेगळंच.

मोठ्या साइजला आयपॅड दमतो. ए३ कागद ३०० डीपीआयला म्हणजे ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल, एवढ्या कॅनव्हासवर कमी रॅमच्या मॉडेलला लेयर फार थोडे मिळतात. शिवाय प्रोक्रिएट पिक्सेलवर चालतं, मंडळाचं नाव किंवा लोगो दहा फुटी बॅनरवर मोठं केलं की कडा फाटतात, त्याला व्हेक्टरच लागतं, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेघांचं चित्र. त्यासाठी आयपॅडवर इलस्ट्रेटर आणि अ‍ॅफिनिटी डिझायनर ही अ‍ॅप आहेत, ठीक चालतात, पण मोठ्या मॉनिटरवर शॉर्टकट मारत करण्याची सर नाही. मान पण दुखते आयपॅडवर वाकून, स्टँड घ्याच.

घेणाऱ्यांनी एक नीट बघा, यूएसबी-सी वाली स्वस्त पेन्सिल दिसली म्हणून उचलू नका, तिला दाब कळतच नाही, म्हणजे रेघ जाड-बारीक होणार नाही, नोट्स लिहायला ठीक, चित्राला नाही. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत पेन डब्यातच येतो, दाब कळतो, पण प्रोक्रिएट त्यावर नाही, त्याऐवजी क्लिप स्टुडिओ पेंट हे चित्राचं अ‍ॅप आहे. फाइन आर्ट्सला नुकतंच लागलेल्या मुलांना मी तर सांगेन, घरी कॉम्प्युटर असेल तर आत्ता साधा पॅड घ्या आणि कॉम्प्युटरवर क्रिटा हे चित्राचं सॉफ्टवेअर टाका, क्रिटा फुकट आहे आणि चांगलं आहे, आयपॅड कमाई सुरू झाल्यावर. ज्यांचं काम इन्स्टावरच राहतं, छापायला जातच नाही, त्यांनी मात्र खुशाल फक्त आयपॅडवर भागवावं.

आणि चित्रं वेळच्या वेळी बाहेर कॉपी करत चला. प्रोक्रिएटची गॅलरी अ‍ॅपच्या आतच असते, अ‍ॅप डिलीट झालं की सगळी चित्रं त्याच्याबरोबर जातात.