पहिली जुनी सायकल: विलायती रॅले की देशी अ‍ॅटलस?

मराठवाड्यात जुन्या सायकलींच्या मागे लागलात की दोन प्रकारचा माल समोर येतो. एक नॉटिंगहॅमची रॅले किंवा हंबर, दुसरी सोनीपतची अ‍ॅटलस किंवा मद्रासची हर्क्युलस. लांबून सगळ्या सारख्याच: काळ्या, दांड्याच्या, रॉड ब्रेकच्या. टायरही दोन्हीकडे 28 × 1½, म्हणजे तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळणारे. खरा फरक बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा एक्सल फिरतो ती फ्रेममधली नळी) कपात आहे.

रॅलेच्या कपाला इंचात 26 आटे, देशी कपाला 24. व्यास जवळपास तोच, म्हणून बाजारातला नवा कप दोन-तीन फेरे मुकाट्याने आत जातो आणि अडकतो. मिस्त्रीने पान्याला पाइप घालून जोर केला की फ्रेमचे आटे मेलेच समजा. म्हणून घेण्याआधी डावा कप काढून स्टीलची पट्टी लावा: अर्ध्या इंचात 12 आटे भरतात की 13? उजव्या कपाचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या आट्यांचंही हेच 24-26 चं गणित. रॅलेचे मूळ कप शाबूत असतील तर काळजी नाही. पाव इंची 22 छर्रे नवे टाका, काम भागतं. कपाला खड्डे पडले असतील तर मात्र शोधाशोध ठरलेली.

देशी सायकलीला ही कटकट नाही. कप, एक्सल, कॉटर पिन सगळं हातोहात मिळतं. शिकायला तीच बरी, कारण पहिली कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलला जखडणारी पिन) काढताना बहुतेक जण वाकवतातच. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवा, रात्रभर डिझेल मुरू द्या, नट पिनच्या टोकाशी सपाट ठेवून एकच जोरदार घाव घाला. आधार न देता ठोकलं तर मार छर्‍यांवर बसतो आणि कप खराब होतात.

रंगाचा विचार दोन्हीकडे वेगळा. रॅलेवरच्या सोनेरी रेघा निम्म्या जरी शिल्लक असतील तरी रंगवू नका. रंग गेला की किंमतही गेली. केरोसीनने धुवा, क्रोमवरचा गंज ओल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने घासा. अ‍ॅटलस खुशाल पावडर कोटिंगला द्या, फक्त झिजलेले कप आट्यांत बसवून द्या, नाहीतर पावडर आट्यांतच भाजून बसते. सुट्या लोखंडी भागांचा गंज ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने निघतो: लिटरला साधारण 25 ग्रॅम, रात्रभर, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं. हातमोजे घाला, हे अ‍ॅसिड विषारी आहे.

चामड्याची ब्रूक्स सीट असेल तर आधी तिच्याकडे बघा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात उभ्या सायकलीचं चामडं रिव्हेटपाशी फाटतं, आणि फाटलेलं पुन्हा धरत नाही. गोडेतेल चोळू नका, चामडं सैल पडून झोळी होते.

जालन्याच्या भट्ट्यांकडे निघालेल्या भंगारात रॅले दिसली तर आधी मागच्या चाकाचा हब बघा. स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हब (आतच तीन गिअर असलेला) असेल तर त्यावर साल ठोकलेलं असतं. ग्रीस न भरता पातळ मशीन ऑइल सोडलं की बहुधा तो चालू होतो. तो हब काढून साधं फ्रीव्हील बसवलेलं असेल, तर रॅलेच्या नावाला अ‍ॅटलसपेक्षा फार जास्त पैसे मोजू नका.