वजन जास्त असताना गुडघ्याच्या कूर्चेचं ऑपरेशन : वर्षभरानंतरचा अनुभव

वाट्या बदललेली माणसं प्रत्येक सोसायटीत दोन-चार सापडतात. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दुरुस्त करून घेतलेला माणूस मात्र शोधूनही सापडत नाही, त्यात वजनदार माणूस तर नाहीच. मला विचारायला कोणी मिळालं नव्हतं. ऑपरेशनला आता वर्ष उलटून गेलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

वय 43, उंची 5 फूट 7 इंच, आणि गुडघा दुखावला तेव्हा वजन 101 किलो. पुण्यात रविवार पेठेत भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर उभं राहायचं, शिडीवर चढायचं, माल उतरवून घ्यायचा. टेम्पोतून खोकं घेताना उजवा पाय पिळला गेला आणि गुडघा आतल्या बाजूने सुजला. एमआरआयमध्ये दिसलं की मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढी, थेट हाडापर्यंत निघालेली आहे. लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारे पट्टे), मेनिस्कस (दोन हाडांमधली गादी) आणि बाकीची कूर्चा शाबूत होती.

कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती आपली आपण भरून येत नाही. जागा लहान असेल तर मायक्रोफ्रॅक्चर करतात : हाडाला बारीक छिद्रं पाडतात, आतलं रक्त वर येतं आणि तिथे नवी कूर्चा धरते. ती मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 30 च्या वर असला की या पद्धतीचा गुण कमी येतो. माझ्यासारख्या मोठ्या जागेसाठी दुसरी पद्धत आहे. दुर्बिणीतून स्वतःच्याच गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातली चिमूटभर कूर्चा काढायची, प्रयोगशाळेत काही आठवडे तिच्या पेशी वाढवायच्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या खड्ड्यात बसवायच्या. स्वीडनमध्ये 1987 मध्ये हे पहिल्यांदा माणसावर केलं गेलं.

मी दोन सर्जनना दाखवलं. पहिल्यांनी एमआरआय पाहिला आणि पुढच्या आठवड्यातली तारीख द्यायला निघाले. वजनाचा विषयच काढला नाही. त्यांना माझ्या गुडघ्यात फक्त भोक दिसलं, असं मला आजही वाटतं. दुसऱ्यांनी आधी वजनकाट्यावर उभं केलं, मग उभ्याने कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा एक्स-रे काढायला पाठवलं. पाय बाहेरच्या बाजूला बाकदार असतील तर सगळा भार आतल्या बाजूवर येतो, आणि तिथे नवी कूर्चा बसवली तरी ती चिरडतेच. तसं असेल तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करावा लागतो. फिजिओथेरपीला माझ्यासोबत येणाऱ्या एका बाईंचं तसं दोन्ही एकत्र केलं होतं. माझे पाय सरळ निघाले.

मग डॉक्टर म्हणाले, "कूर्चा मी बसवीन हो, पण ती धरेपर्यंत तिच्यावर किती वजन टाकायचं हे तुमच्या हातात आहे. आधी दहा किलो उतरवून या." त्यांनी हिशोब समजावला. गुडघेदुखी असलेल्या वजनदार लोकांवर अमेरिकेत झालेला अभ्यास 2005 मध्ये छापून आला. त्यात शरीराचं वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला दिसला. दुसरी गोष्ट मला नवी होती. चरबी नुसता भार टाकत नाही, तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात आणि सांध्यापर्यंत पोचतात.

पण दुखऱ्या गुडघ्याने वजन उतरवायचं कसं? चालणं बंद, तळजाई टेकडीवर जाणं बंद. मी तलावात छातीभर पाण्यात चालायला लागलो. पाण्यात शरीर हलकं होतं, गुडघा तक्रार करत नाही. दुकानातले चहा-क्रीमरोल बंद, रात्री भात बंद, दोन्ही वेळा वाटीभर उसळ किंवा अंडी. बसून मांडीच्या स्नायूंचे व्यायामही चालू होते, आणि ऑपरेशननंतर त्यांचा जेवढा उपयोग झाला तेवढा कशाचाच झाला नाही. 89 पर्यंत आलो तेव्हा तारीख मिळाली. आता वजन उतरवण्याची इंजेक्शनंही निघाली आहेत. मला ती लागली नाहीत, पण ज्यांना आहार-व्यायामाने जमत नाही त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

दोन्ही ऑपरेशनं सुरळीत झाली. कमरेत भूल दिली होती. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शनं घेतली. वजनदार माणसाला तो धोका जास्त, तेव्हा कंटाळा करून ती चुकवू नका.

खरी परीक्षा त्यानंतर. सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही, नुसता तळवा टेकवायचा. म्हणजे सगळं शरीर दोन हातांवर आणि एका पायावर. 89 किलो कुबड्यांवर पेलताना तळहात सोलवटतात आणि खांदे रात्री ठणकतात. कुबडीच्या मुठीला जुना टॉवेल गुंडाळून वर चिकटपट्टी मारली तेव्हा थोडं सुसह्य झालं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बहिणीने हट्टाने कोथरूडला तिच्या तळमजल्यावरच्या घरी नेलं, ते फार बरं झालं. पायऱ्या टाळता येत नसतील तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. ब्रेस लावलेला पाय सरळच राहतो, त्यामुळे रिक्षात समोर तोंड करून बसता येत नाही. पाठमोरं होऊन आधी बूड टेकायचं, मागे सरकत पलीकडच्या कडेपर्यंत जायचं आणि पाय सीटवर आडवा घ्यायचा. रिक्षावाल्याला आधीच सांगा, खड्डे बघून चालवतो.

गुडघा हलता ठेवणारं यंत्र भाड्याने घरी आणलं होतं. रोज कित्येक तास त्यावर पाय ठेवून पडायचं, ते सावकाश गुडघा वाकवतं आणि सरळ करतं. कूर्चेला अन्न सांध्यातल्या पातळ द्रवातूनच मिळतं, आणि हालचाल झाली तरच ते आत मुरतं. हे कळल्यावर त्या यंत्राचा कंटाळा आला नाही.

वजनदार पेशंटला सगळ्यात मोठा धोका याच काळात असतो. हालचाल शून्य, आणि भेटायला येणारा प्रत्येकजण काहीतरी गोड घेऊन येतो. आईने हाडं भरून यावीत म्हणून डिंकाचे लाडू पाठवले. तिचं मन मोडवत नव्हतं, पण शेवटी बहिणीने तिला फोन करून सांगितलं, "आई, त्याला लाडू नको, मूग पाठव." तरी तीन किलो वाढलेच. घरच्यांना हे ऑपरेशनच्या आधी समजावून ठेवा.

मांडी मात्र निम्मी झाल्यासारखी दिसत होती. स्नायू परत यायला महिने लागतात, आणि तिथेच बरेच जण फिजिओथेरपी सोडतात.

आज दिवसभर दुकानात उभा राहतो, संध्याकाळी सूज नसते. पर्वती चढतो, उतरताना कठड्याला धरून. उकिडवं बसता येत नाही, पंगतीत मांडी घालून बसलो तर पाच मिनिटांत पाय पसरावा लागतो. शिडीवर अजून पोऱ्यालाच चढवतो. पूर्वी पायरी उतरताना आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं, ते पूर्ण गेलं. माझ्यासाठी तेवढ्यानेच पैसे वसूल झाले.

पैशांचं म्हणाल तर खर्च काही लाखांत गेला. विमा कंपनीने हॉस्पिटलचं बिल दिलं आणि पेशींचे पैसे कापले. सर्जनच्या पत्रासह पुन्हा अर्ज केल्यावर थोडे मिळाले. ते पत्र आधीच घेऊन ठेवा.

आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, मीही करू का? त्या 64 वर्षांच्या, सगळा गुडघा झिजलेला. त्यांना स्पष्ट नाही म्हणालो. चांगल्या गुडघ्यात एकाच जागी खड्डा असेल तर हे ऑपरेशन. सगळीकडे झीज असेल त्याला नाही, कोणी कितीही पॅकेज देऊ दे.

सिंहगड चढायला आता हरकत नाही, खाली मात्र गाडीने या, पायी उतरायचं वजन 80 च्या आत आल्यावर बघू, असं डॉक्टर म्हणालेत. सध्या 84 वर आहे.