पंधरा नंबर की सात नंबर? दोन उंच मुलं आणि पुढची दोन वर्षं

आमच्या पुण्यातल्या क्लबच्या सतरा वर्षांखालच्या बास्केटबॉल संघात यंदा एकदम दोन उंच मुलं आली आहेत. इथं एक धड सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, मिळायची मारामार, त्यामुळे आनंद आहेच. पण मागच्या रविवारी सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पुढची दोन वर्षं संघ कुणाभोवती बांधायचा, ते नीट विचार करून लिहून दे." सहायक म्हणून मी रोज सकाळी 6 वाजता या दोघांबरोबर कोर्टवर असतो. मुलं लहान आहेत, म्हणून नावं लिहीत नाही. जर्सीचे नंबर पुरेत.

पंधरा नंबर 6 फूट 5 इंच, खांदे भरलेले, ओठांवर मिसरूड. सात नंबर 6 फूट 3 इंच, काटकुळा, आवाजही अजून पुरता फुटलेला नाही. वय दोघांचंही 15. बघणारा फसतो तो इथंच. मुलांची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमारास, पण कुणाची त्याच्या आधी, तर कुणाची चांगली दोन वर्षं उशिरा. पंधरा नंबर गेल्या वर्षभरात जेमतेम अर्धा इंच वाढलाय, सात नंबर तीन इंच. म्हणजे पंधरा नंबरला आज जे सहज जमतं, त्यातलं बरंचसं समोरचा मुलगा अजून वाढायचा राहिलाय म्हणून जमतं. दोन वर्षांनी तेच खांदे समोरच्यालाही आलेले असतील.

दोघांना भिंतीला उभं करून हात वर करायला लावले आणि खडूनं खुणा केल्या. सात नंबरची खूण दोन बोटं वर निघाली. रिंग 3.05 मीटरवर असते, आणि तिथवर डोकं नाही, हात पोचावा लागतो. उंची विचारणारे पालक हात मोजायचं विसरतात.

आक्रमणात मात्र आज तुलनाच नाही. पंधरा नंबरचे हात मऊ आहेत. जुलैत कोर्ट ओलं, बॉल निसरडा, तरी पास आला की बॉल हाताला चिकटतो. डाव्या बाजूला पोस्ट घेऊन (रिंगकडे पाठ करून जागा धरून) उजव्या खांद्यानं हलकासा हूल देतो, मागचा पाय टाकून वळतो आणि बोर्डवर बॉल ठेवतो. फाऊल झाला तर फ्री थ्रोही टाकतो. सात नंबरच्या हातातून बॉल उसळतो. चार पासांमधला एक तरी बाहेर जातो.

पण पंधरा नंबरवर दुसरा मुलगा धावून आला की त्याची मान खाली जाते. कोपऱ्यात आपला शूटर मोकळा उभा आहे, हे त्याला दिसत नाही. हडपसरच्या एका संघाबरोबरच्या सराव सामन्यात त्यांनी दुसऱ्या क्वार्टरपासून त्याच्यावर दोघं लावले आणि आमचं आक्रमण तिथंच थांबलं.

बचावात चित्र उलटं होतं. सात नंबर शाळेत तीन वर्षं खो-खो खेळलाय, आणि ते पायांत दिसतं. समोरच्यांनी पिक अँड रोल केला, म्हणजे एकानं आडवं उभं राहून बॉलवाल्या गार्डला वाट करून दिली आणि रिंगकडे वळला, की सात नंबर गार्डला अडवायला बाहेर येतो, दोन पावलं सरकतो आणि परत आपल्या माणसापाशी पोचतो. पंधरा नंबर बाहेर आला की परत येता येता लेअप, म्हणजे रिंगजवळून सोपा बास्केट, झालेला असतो. सात नंबरचा दोष वेगळा: बॉल वर करून कुणी हूल दिली की हा उडतोच. पाच फाऊल झाले की बाहेर जावं लागणाऱ्या खेळात तिसऱ्या क्वार्टरला चार फाऊल घेऊन बाकावर बसलेला सेंटर काय कामाचा? तरी ही सवय मोडता येते. मंद पाय वेगवान करणं त्याहून फार अवघड.

इथं एक गोष्ट सरांनाही सांगायची आहे. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, बघून आपल्या सेंटरचा निर्णय घेऊ नये, कारण आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचे, नियम आहेत आणि उंच मुलासाठी ते बरेच वेगळे पडतात. एनबीएत बचाव करणारा खेळाडू कुणालाही न अडवता तीन सेकंदांपेक्षा जास्त पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात, थांबू शकत नाही. फिबात बचावावर तसं बंधन नाही. हे पंधरा नंबरच्या पथ्यावर पडतं: झोन (माणसामागे न धावता आपापली जागा राखायचा बचाव) लावा, त्याला रिंगखाली उभा करा, पाय झाकले जातात. दुसरा फरक सात नंबरच्या बाजूचा आहे. शॉट मारलेला बॉल रिंगला लागला की फिबात तो रिंगच्या वर असतानाही मारता येतो. एनबीएत तो रिंगवर असेपर्यंत हात लावता येत नाही. लांब हात आणि लवकर दुसरी उडी असलेल्या मुलाला आपल्या नियमांत हे फुकटचं धन आहे. सात नंबरची दुसरी उडी पहिलीइतकीच चटकन येते.

असाच पेच एनबीएतल्या फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सपुढे होता. नर्लन्स नोएल बचावाचा, जलील ओकाफोर पोस्टमध्ये गुण करणारा. ओकाफोरनं 2015-16 च्या पहिल्याच हंगामात सामन्यामागे 17.5 गुण केले, आणि संघ 82 पैकी 10 सामने जिंकला. गुण दिसतात, म्हणून डोळे तिकडे जातात. त्यानं सोडलेले गुण कुणी मोजत बसत नाही. अर्थात नोएलही तिथं टिकला नाही. 2017 मध्ये दोघंही दुसऱ्या संघांकडे गेले, कारण दोन्ही अंगं एकट्यात असलेला जोएल एम्बीड तोवर दुखापतीतून उभा राहिला होता.

चपळ पाय आधी, या माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा एनबीएतला सेंटर निकोला योकिच. 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 41 वा, पायानं संथ, उडी बेताची, आणि तरी तीन वेळा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. पण त्याला तारतात डोळे. दोघं अंगावर आले की त्याचा पास आधीच सुटलेला असतो. पंधरा नंबरला ते डोळे आले, तर हे सगळं लिखाण मी फाडून टाकेन. गेल्या आठ महिन्यांत मात्र ते येताना दिसलेले नाहीत.

सात नंबरची खरी काळजी गुडघ्यांची आहे. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं. झपाट्यानं वाढणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत हे पुष्कळ दिसतं आणि वाढ थांबली की बहुतेकांचं आपोआप जातं. पण सिमेंटच्या कोर्टवर रोज दोन तास उड्या मारून घेतल्या तर हंगाम हातचा जाईल. आठवड्यातून दोन दिवस त्याला नुसतं शूटिंग आणि पकडीचं काम द्यावं, बाकी सराव जमेल तेव्हा लाकडी फ्लोअरवर.

स्वभावाचं एवढंच सांगतो. सामना संपल्यावर सात नंबर घाम पुसायच्या आधी येऊन विचारतो, "दादा, त्या वेळी मी आधी उडालो ना?" पंधरा नंबर विचारत नाही. पण तो सिंहगड रोडवरून दोन बस बदलून येतो आणि कधी उशीर करत नाही, म्हणून त्याला आळशी म्हणणाऱ्यांशी मी भांडतो.

स्पर्धा पुढच्या महिन्यात असती तर मी डोळे झाकून पंधरा नंबर म्हटलं असतं. दोन वर्षांचा विचार असेल तर माझं उत्तर सात नंबर. या हंगामात सुरुवातीच्या पाचांत पंधरा नंबरच असावा, झोन खेळावा; प्रत्येक क्वार्टरची शेवटची चार मिनिटं सात नंबरला द्यावीत, फाऊल झाले तरी. पुढच्या हंगामापासून बचाव सात नंबरभोवती.

सरांनी हे मान्य केलं तर पंधरा नंबरला मीच सांगेन, बाहेरून कळायच्या आत. त्याच दिवशी सरावानंतर अर्धा तास त्याला थांबवायचं, अंगावर दोन मुलं सोडायची आणि कोपऱ्यात मी उभा राहायचं. त्याला मी दिसतो का, ते रोज बघायचं.