फाईल सगळीकडे की लिंक एकच? व्हिडिओ जास्त लोकांपर्यंत पोचवण्याच्या दोन रीती

तयार झालेला व्हिडिओ यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या चारही ठिकाणी स्वतंत्रपणे चढवावा, की यूट्यूबवर एकदाच ठेवून बाकी सगळीकडे त्याची लिंक द्यावी, असा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी दोन्ही रीतींनी काम केले आहे. श्रीवर्धनला आमची माडा-पोफळींची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ती बरीचशी आडवी झाली, आणि नवी लागवड करताना जे शिकत गेलो ते मोबाइलवर टिपून ठेवण्याच्या सवयीतून हे व्हिडिओ सुरू झाले. त्यामुळे माझा अनुभव शेतीच्या, माहिती देणाऱ्या व्हिडिओंपुरता आहे. गाण्यांच्या किंवा विनोदी व्हिडिओंना तो जसाच्या तसा लागू पडेल असा माझा दावा नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे पाहिले, तर सगळीकडे फाईल चढवण्याची रीत सरस ठरते, हे आधी मान्य करायला हवे. जो माणूस फेसबुकवर बसला आहे त्याला तिथून उठवून दुसरीकडे नेणे अवघड असते. व्हिडिओ समोर आपोआप सुरू झाला तर तो थांबून पाहतो. लिंक दिसली तर ‘मग बघू’ म्हणून पुढे सरकतो. इन्स्टाग्रामवर तर मजकुरात दिलेली लिंक दाबताच येत नाही, ती प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीवर लावावी लागते, आणि तिथपर्यंत जाणारे लोक फार थोडे असतात. व्हॉट्सॲपवरची अडचण निराळी आहे. फसवणुकीच्या बातम्यांमुळे घरोघरी ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असे बजावलेले असते, आणि आमच्या ग्रुपांतली वडीलधारी मंडळी ते काटेकोर पाळतात. त्यांना फाईल पाठवली तर ती ते हमखास पाहतात. शिवाय काही ॲपांत लिंक त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे पाहणाऱ्याचे यूट्यूबचे खाते उघडलेले नसते, त्यामुळे व्हिडिओ आवडूनही त्याला लगेच सबस्क्राइब करता येत नाही.

मात्र या आकड्यांची बेरीज करताना जरा जपून करावी, असे मला वाटते. फेसबुकवर पूर्वापार तीन सेकंद पाहिले की व्ह्यू धरला जाई; यूट्यूब शॉर्ट्सवर, म्हणजे तिथल्या छोट्या उभ्या व्हिडिओंवर, ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी तो मोजला जातो. अकरा मिनिटांचा व्हिडिओ मन लावून पाहणारा आणि अंगठा सरकवता सरकवता क्षणभर थांबलेला, हे दोघे एकाच आकड्यात येतात. ज्यांना यूट्यूबकडून पुढेमागे उत्पन्नाची अपेक्षा आहे त्यांनी आणखी एक हिशोब ध्यानात घ्यावा. जाहिरातींच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, अशी अट आहे, आणि चार ठिकाणी विभागलेला प्रेक्षक या तासांत येत नाही.

एवढे असूनही मी बराच काळ फाईल सगळीकडे चढवत होतो. ती रीत सोडली ती एका व्हिडिओमुळे, आणि तो प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण माझा निर्णय त्यावरच झाला.

पोफळीवरच्या, म्हणजे सुपारीच्या झाडावरच्या, कोळेरोगासाठी (पावसाळ्यात फळे कुजवणाऱ्या रोगासाठी) पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रणाची फवारणी करतात. एक टक्का मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचे, आणि शेवटी लोखंडी विळा किंवा सुरी त्यात थोडा वेळ धरून पाहायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजून चुन्याची निवळी आणखी घालायची. हे सगळे मी दहा लिटरच्या बादलीत करून दाखवले होते. तोंडाने शंभर ग्रॅम असे बरोबर सांगितले. पण पडद्यावरची पाटी मी आधीच्या दुसऱ्या व्हिडिओतून उचलली होती, आणि तिच्यावर दहा लिटरला एक किलो असे लिहिलेले होते. ते प्रमाण खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टचे आहे, फवारणीचे नाही.

आठव्या दिवशी म्हसळ्याहून एका बागायतदाराचा फोन आला. “भाऊ, पाटीवर एक किलो लिहिलंय, पण बादलीत तर तुम्ही मूठभरच घातलंत. आम्ही धरायचं काय?” त्यांनी विचारले म्हणून बरे झाले. तसेच करून कोणी दसपट दाट द्रावण पंपात भरले असते, तर नोझल तुंबले असते आणि कोवळी फळेही भाजली असती.

यूट्यूबवर दुरुस्तीला अर्धा तासही लागला नाही. स्टुडिओच्या एडिटरमध्ये पाटीचा तेवढा तुकडा कापला आणि सर्वांत वर दिसेल अशी कॉमेंट लावून ठेवली. बदल लागू व्हायला काही तास गेले, पण लिंक तीच राहिली, व्ह्यूज आणि कॉमेंटही जागच्या जागी राहिल्या. ज्यांच्याकडे आधीची लिंक होती त्यांना आपोआप दुरुस्त व्हिडिओ दिसू लागला. दुसरीकडे चढवलेल्या प्रती मात्र मला काढूनच टाकाव्या लागल्या. त्यांच्याबरोबर तिथले व्ह्यूज गेले, प्रश्नोत्तरे गेली आणि नव्याने चढवलेला व्हिडिओ शून्यापासून सुरू झाला. व्हॉट्सॲपवर तेही शक्य नव्हते. पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुदत जेमतेम अडीच दिवसांची असते, आणि मुदतीत पुसला तरी लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. त्या फाईली कोणाकोणाकडे गेल्या हे कळायला मार्ग नव्हता. मी ओळखीच्या ग्रुपांत दोन दिवस दुरुस्तीचे निरोप टाकत होतो, आणि ते वाचणारे बहुतेक जण मुळात तो व्हिडिओ न पाहिलेले होते.

तेव्हापासून पूर्ण व्हिडिओ मी एकाच ठिकाणी ठेवतो. व्ह्यूज घटतील ही भीती होती आणि पहिल्या आठवड्यांत ते खरोखरच घटले. पण पुढच्या मे महिन्यात वेगळेच चित्र दिसले. पाऊस जवळ आला की लोक शोधू लागतात, आणि ज्या व्हिडिओकडे वर्षभर कोणी फिरकले नव्हते तो पुन्हा पाहिला जाऊ लागतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे माझे जुने व्हिडिओ असे परत वर आलेले मला आठवत नाहीत. तिथे चार दिवसांत जे काय व्हायचे ते होऊन जाते. हंगामी विषयांच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. त्यासाठी शीर्षक मात्र लोक जे शब्द टाइप करतात त्यांतूनच घ्यावे. मी शीर्षकात ‘सुपारी कोळेरोग’ मराठीत लिहितो आणि खालच्या वर्णनात तेच शब्द इंग्रजी अक्षरांतही देतो, कारण मोबाइलवर अनेक जण तसेच शोधतात.

लिंक उघडली जावी म्हणून तिच्यावर थोडे काम करावे लागते. नुसती लिंक टाकली तर ती पडून राहते. मी वर दोन ओळी लिहितो: व्हिडिओ कशाचा आहे आणि कोणत्या मिनिटाला काय आहे. यूट्यूबच्या लिंकला वेळ जोडता येते, त्यामुळे ज्याला फक्त विळ्याची परीक्षा पाहायची आहे त्याला थेट तिथेच नेता येते. खाली स्वतःचे नावही लिहितो. ग्रुपातल्या ज्येष्ठांना लिंक ओळखीच्या माणसाची आहे एवढी खात्री पटली की ते ती उघडतात.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकसाठी अर्ध्या मिनिटाचा एखादा तुकडा स्वतंत्र चढवायला हरकत नाही, आणि तो मी चढवतो. त्यात प्रमाण, मात्रा असे काही ठेवत नाही. पात्यावर चढलेला तांबूस थर जवळून दाखवतो आणि पूर्ण कृती कुठे मिळेल ते सांगतो. असा तुकडा एका ॲपवरून उतरवून दुसऱ्यावर टाकू नये, कारण दुसऱ्या ॲपचा शिक्का दिसणारे व्हिडिओ आपण कमी सुचवतो, असे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच स्पष्ट केले होते. मूळ, कोरी फाईलच वापरावी. शॉर्ट्सच्या वर्णनातल्या लिंक ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून दाबता येत नाहीत, तेव्हा तिथे ‘संबंधित व्हिडिओ’ची सोय वापरून मोठा व्हिडिओ जोडून द्यावा.

तुमचे व्हिडिओ शिमग्याच्या पालखीचे, जत्रेचे किंवा आजच्या पावसाचे असतील, तर सगळीकडे फाईल चढवण्यात मला काही गैर दिसत नाही. ते त्या दिवसाचे असतात, त्यांत दुरुस्त करण्यासारखे फारसे नसते आणि पुढच्या वर्षी त्यांना कोणी शोधतही नाही. पण ज्या व्हिडिओवर विसंबून कोणीतरी काही मोजणार, मिसळणार किंवा विकत घेणार आहे, त्याची लिंकच द्यावी असे मी सुचवेन.

बोर्डोची ती चुकीच्या पाटीची फाईल अजूनही कुठल्यातरी ग्रुपात असणार. म्हणून दर मे महिन्यात त्याच सगळ्या ग्रुपांत मी दुरुस्त व्हिडिओची लिंक पुन्हा टाकतो आणि खाली प्रमाण लिहितो: फवारणीसाठी शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना.